आठवडी धाव : गावच्या मैदानावर, सर्वांसाठी, विनामूल्य

आठवडी बाजाराला कोणी निमंत्रण देत नाही. वार ठरलेला असतो, जागा ठरलेली असते आणि येणाऱ्याला आपण येणार असल्याचे आधी कळवावे लागत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा, दिग्रस, घाटंजी किंवा वणी यांपैकी कोठेही गेले तरी गावाच्या जीवनाला ताल देणारी ही व्यवस्था आढळते. ज्याला आपल्या गावच्या बाजारात जमत नाही तो शेजारच्या गावच्या बाजाराला जातो, आणि तेथेही त्याला परके वाटत नाही. नेमक्या याच तत्त्वावर, म्हणजे ठरलेला वार, ठरलेली जागा आणि सर्वांना मुक्त प्रवेश या आधारावर, व्यायामाचा एक उपक्रम गेल्या वीस वर्षांत जगाच्या अनेक देशांत रुजला आहे. सार्वजनिक उद्यानात दर आठवड्याला होणारी पाच किलोमीटरची विनामूल्य धाव असे त्याचे स्वरूप आहे. ही व्यवस्था कशी चालते, ती कशामुळे टिकली आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यातील मैदानांच्या संदर्भात तिचा विचार कसा करता येईल, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

तेरा धावपटूंपासून प्रारंभ

सन २००४ मध्ये मुंबईच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनमध्ये हजारो लोक धावले. पुण्यात तर १९८३ पासूनच आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनची परंपरा सुरू झाली होती. त्याच २००४ सालच्या २ ऑक्टोबर रोजी लंडनजवळील बुशी पार्क या उद्यानात अवघे तेरा धावपटू एकत्र जमले. पॉल सिंटन-ह्यूइट यांनी त्यांना बोलावले होते. ते स्वतः धावपटू होते. परंतु दुखापतीमुळे त्यांना त्या काळी धावता येत नव्हते आणि नोकरीही सुटलेली होती. धावणे बंद झाले तरी धावणाऱ्या मित्रांची गाठभेट सुटू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. म्हणून मित्रांनी धावावे, आपण वेळ नोंदवावी आणि नंतर सर्वांनी मिळून कॉफी घ्यावी, असा बेत त्यांनी आखला.

पुढील आठवड्यात तोच कार्यक्रम पुन्हा झाला आणि त्यानंतर तो खंडित झाला नाही. २००७ मध्ये विम्बल्डन येथे दुसरे ठिकाण सुरू झाले. आज ‘पार्करन’ या नावाने ओळखला जाणारा हा उपक्रम वीसहून अधिक देशांत चालतो. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, आयर्लंड व पोलंड या देशांत तो रुजला. आशियात सिंगापूर, मलेशिया आणि जपान येथेही तो पोचला. पाच किलोमीटर अंतर, दर आठवड्याची नियमितता, स्वयंसेवकांनी केलेली व्यवस्था आणि कोणतेही शुल्क नाही, ही चार सूत्रे सर्वत्र सारखीच आहेत. ही धाव शनिवारी सकाळी होते; लहान मुलांसाठी रविवारी दोन किलोमीटरची वेगळी धाव ठेवण्यात येते.

एकदा नाव नोंदविले की त्या व्यक्तीस कायमचा क्रमांक मिळतो व तो जगातील कोणत्याही ठिकाणी चालतो. त्यामुळे दर आठवड्यास निराळ्या उद्यानात जाऊन धावण्याची हौस अनेकांना जडली आहे. इंग्रजी वर्णमालेतील प्रत्येक अक्षराने सुरू होणारे एकेक उद्यान गाठण्याचा संकल्प करणारेही आहेत. या निमित्ताने माणसे शेजारची गावे पाहतात आणि अनोळखी लोकांशी त्यांचा परिचय होतो.

निकाल कसा तयार होतो?

शे-दोनशे माणसे काही मिनिटांच्या अंतराने धाव पूर्ण करीत असता प्रत्येकाची अचूक वेळ कशी नोंदवितात, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याची रीत सोपी पण विचारपूर्वक बसविलेली आहे. अंतिम रेषेवर उभा असलेला वेळनोंदक कोण आले हे पाहत नाही. रेषा ओलांडली गेली की तो घड्याळाची कळ दाबतो. त्यामुळे त्याच्याजवळ केवळ वेळांची क्रमवार यादी तयार होते. रेषेपलीकडे दोरीने आखलेल्या अरुंद वाटेतून धावपटू एकामागोमाग पुढे सरकतात. तेथे दुसरा स्वयंसेवक प्रत्येकास क्रमांकाचा बिल्ला देतो. तिसरा स्वयंसेवक तो बिल्ला आणि धावपटूचा नोंदणी क्रमांक यांची सांगड घालतो. वेळांची यादी आणि नावांची यादी शेजारी शेजारी ठेवल्या की निकाल तयार होतो.

या रीतीत एकच दक्षता घ्यावी लागते. रेषा ओलांडल्यावर एखादा धावपटू बिल्ला न घेताच बाजूला झाला, तर त्याच्यामागील प्रत्येकाची वेळ एका घराने सरकते आणि सर्व निकाल चुकतो. म्हणूनच त्या अरुंद वाटेवर लक्ष ठेवणारा स्वयंसेवक महत्त्वाचा मानला जातो. बुशी पार्कमधील आरंभीचे बिल्ले म्हणजे लोखंडी सामानाच्या दुकानातून आणलेल्या चकत्या होत्या व त्यांवर क्रमांक ठोकलेले होते. आता नोंदीसाठी मोबाइल फोनचा उपयोग होतो. परंतु मूळ तत्त्व तेच राहिले आहे. क्रमांकाचे बिल्ले, एक चांगले घड्याळ आणि एक नोंदवही एवढ्या साहित्यावर हे काम कोणत्याही गावात होऊ शकते. शंकरपटात बैलजोडीची धाव घड्याळावर मोजली जाताना पाहिलेल्या वैदर्भीय माणसाला वेळेचे मोल निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

शेवटच्या माणसाचे स्थान

या उपक्रमाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या शेवटी दिसून येते. प्रत्येक धावेत एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागे चालतो. कोणी कितीही सावकाश चालला तरी शेवटचा क्रमांक त्या स्वयंसेवकाचाच लागतो. ‘आपण शेवटचे येऊ आणि लोक हसतील’ ही भीती अनेकांना मैदानापासून दूर ठेवते. तिचे मूळच या साध्या योजनेने नाहीसे होते. येथे धावावेच असा आग्रह नाही. संपूर्ण अंतर चालणाऱ्याचीही नोंद तेवढ्याच आदराने होते.

याचा परिणाम आकड्यांतही उमटला आहे. आरंभीच्या काळात धाव पूर्ण करण्यास लागणारी सरासरी वेळ सुमारे २२ मिनिटे होती. पुढे ती ३० मिनिटांच्या वर गेली. स्पर्धेच्या दृष्टीने ही अधोगती वाटेल. परंतु वेगवान धावपटू मंदावले म्हणून सरासरी वाढलेली नाही. पूर्वी कधीच न धावलेली माणसे, वडीलधारी मंडळी आणि लहान मुलांच्या माता मैदानात आल्या म्हणून ती वाढली. लोकांच्या आरोग्याचा विचार करता हीच या उपक्रमाची प्रगती होय. ब्रिटनमध्ये २०१८ पासून तेथील कुटुंब-डॉक्टरांच्या महाविद्यालयाच्या सहकार्याने अनेक दवाखाने आपल्या रुग्णांना अशा धावेकडे जाण्याचा सल्ला देऊ लागले, यामागेही हेच कारण आहे.

विनामूल्यतेचा प्रश्न

हा मार्ग सर्वत्र निर्वेध होता असे मात्र नाही. ब्रिस्टल शहराजवळील स्टोक गिफर्ड येथील स्थानिक परिषद ही आपल्याकडील ग्रामपंचायतीशी तुलना करता येईल अशी संस्था आहे. लिटल स्टोक उद्यानातील साप्ताहिक धावेसाठी शुल्क आकारण्याचा निर्णय या परिषदेने २०१६ मध्ये घेतला. शेकडो लोक दर शनिवारी धावल्याने वाटांची झीज होते, तिचा खर्च स्थानिक रहिवाशांनी का सोसावा, असे परिषदेचे म्हणणे होते. आयोजकांचे उत्तर असे की, एका ठिकाणी शुल्क मान्य केले तर ‘विनामूल्य’ हे सूत्रच मोडेल. अखेर ती धाव तेथे बंद पडली. पुढील वर्षी इंग्लंडच्या शासनाने, अशा उपक्रमांवर स्थानिक संस्थांनी शुल्क लावू नये, असा विचार जाहीर केला.

या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. मैदान सर्वांचे असते, पण त्याची देखभाल कोणाला तरी करावीच लागते. प्रवेशपत्रिकेचे मूल्य मोठे असो वा लहान, ते आकारताच सर्वप्रथम जो मागे फिरतो तो मजुराचा मुलगा, विद्यार्थी किंवा स्वतःसाठी पैसा खर्च करण्यास संकोचणारी गृहिणी असते. दर आठवड्याला दहा रुपये दिले तरी वर्षाचे पाचशेहून अधिक रुपये होतात आणि चार माणसांच्या कुटुंबास दोन हजारांच्या वर खर्च येतो. त्यापेक्षा धाव संपल्यावर सहभागी लोकांनी वाटेवरील कचरा उचलणे, खड्डे बुजविणे, झाडांना पाणी घालणे अशा श्रमदानाच्या रूपाने मैदानाचे ऋण फेडणे अधिक श्रेयस्कर ठरेल. श्रमदानाची परंपरा आपल्या ग्रामीण जीवनात पूर्वापार आहेच.

आपली परंपरा

व्यायामाची स्वयंसेवी परंपराही विदर्भाला नवी नाही. शेजारच्या अमरावती येथे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आखाड्यातील व्यायामाला संस्थेचे रूप दिले. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायाम आणि खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. लांब पल्ल्याच्या धावेतही मराठी मुलखाने पूर्वीच नाव मिळविले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ मध्ये अनवाणी धावणाऱ्या खेळाडूंची क्षमता पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले. पुढील वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला जे भारतीय पथक गेले, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार हे मॅरेथॉन धावपटू होते. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटांत अंतर पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळविला. अलीकडच्या काळात नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत, सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर आणि बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी ग्रामीण भागातून येऊन आंतरराष्ट्रीय क्षेत्रात यश संपादन केले.

तथापि, खेळाडू घडविणे आणि समाज चालता-धावता ठेवणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिल्या कार्यासाठी निवड करावी लागते. दुसऱ्यात कोणालाही वगळावयाचे नसते. मुंबईत ‘मुंबई रोड रनर्स’ या गटाने लोकप्रिय केलेली, महिन्याच्या पहिल्या रविवारची वांद्रे ते नरिमन पॉइंट ही विनाशुल्क धाव दुसऱ्या प्रकारात मोडते. केंद्र शासनाने २९ ऑगस्ट २०१९ रोजी, राष्ट्रीय क्रीडा दिनी, सुरू केलेल्या ‘फिट इंडिया’ चळवळीचा रोखही सर्वसामान्य नागरिकाकडेच आहे.

यवतमाळची पहाट

यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर, समता मैदानावर किंवा तालुक्याच्या गावांतील क्रीडांगणांवर भल्या पहाटे गेल्यास धावणारी मुले-मुली दिसतात. त्यांतील बहुसंख्य पोलीस भरतीची किंवा सैन्यभरतीची तयारी करीत असतात. राज्यातील पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १,६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी ही तरुण मंडळी वर्षानुवर्षे घाम गाळतात. ज्या गावी मैदान नाही तेथे ती डांबरी रस्त्यावर, अंधारात, वाहनांच्या वर्दळीत धावतात आणि त्यात जिवाला धोका असतो.

यांतील काहींना वर्दी मिळते, पुष्कळांना मिळत नाही. सर्वसाधारण उमेदवारासाठी २८ आणि मागास प्रवर्गासाठी ३३ ही वयोमर्यादा उलटली की त्या तरुणाचे मैदानाशी असलेले नातेही बहुधा तुटते. ज्या शरीराने पाच-सात वर्षे तपश्चर्या केली ते दुकानाच्या गल्ल्यावर किंवा वाहनाच्या आसनावर बसून राहते. धावणे म्हणजे केवळ परीक्षा, आणि परीक्षेत अपयश आले म्हणून धावणेही व्यर्थ, असा ग्रह यातून दृढ होतो. साप्ताहिक धावेचे खरे मोल येथे लक्षात येते. अशा तरुणाला वेळनोंदक, मार्गदर्शक किंवा सर्वांच्या मागे चालणारा सोबती म्हणून मानाचे स्थान मिळाले, तर त्याची साधना वाया जात नाही आणि गावाला अनुभवी मार्गदर्शक लाभतो.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न आणखी निराळा आहे. पहाटे एकटीने मैदानावर जाणे अनेकींना अशक्य असते. पण ठरलेल्या वारी पन्नास जणी तेथे असणार हे ठाऊक असेल तर घरातून निघणे सोपे जाते. पोशाखाचे बंधन नसावे, मैदानावर उजेड आणि स्वच्छतागृह असावे, आणि प्रत्येक वळणावर एक स्वयंसेवक उभा असावा, एवढी व्यवस्था केल्यास आई, मुलगी आणि आजी एकाच वेळी येऊ शकतात.

प्रारंभ कसा करावा?

जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणाने विभाग, जिल्हा आणि तालुका पातळीवर क्रीडा संकुलांची कल्पना मांडली. शाळा-महाविद्यालयांची मैदानेही बहुतेक मोठ्या गावांत आहेत. मैदान ज्या संस्थेच्या ताब्यात असेल तिची लेखी अनुमती घेणे ही पहिली पायरी होय. सात-आठ स्वयंसेवक मिळाले तरी आरंभास पुरेसे आहेत. दर वेळी त्याच माणसांवर भार पडू नये म्हणून नियमित येणाऱ्याने काही आठवड्यांतून एकदा धावण्याऐवजी सेवा करावी, असा संकेत ठेवावा.

अंतराची मोजणी काटेकोर हवी. सायकलच्या चाकाचा घेर फितीने मोजून, चाकावर खूण करून फेरे मोजले तर अंतर बरेच अचूक मिळते. चाकाचा घेर २.१ मीटर असल्यास पाच किलोमीटरला सुमारे २,४०० फेरे होतील. ४०० मीटरच्या धावपट्टीवर पाच किलोमीटरसाठी साडेबारा फेऱ्या माराव्या लागतात आणि त्या मोजताना गोंधळ होतो. त्यापेक्षा मैदानाभोवतीच्या मोकळ्या वाटांचा अडीच किलोमीटरचा मार्ग आखून त्याच्या दोन फेऱ्या ठेवणे सोयीचे. मार्गाने कोठेही वाहता रस्ता ओलांडू नये.

वेळ मात्र ऋतूप्रमाणे बदलावी लागेल. यवतमाळात मे महिन्यात कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि सूर्य पावणेसहाच्या आतच उगवतो. जानेवारीत तो सातला काही मिनिटे असताना दिसतो. म्हणून उन्हाळ्यात पावणेसहाला आणि हिवाळ्यात सातला प्रारंभ करणे योग्य. पावसाळ्यात काळी माती निसरडी होते, तेव्हा मुरमाच्या वाटेची निवड करावी. आठवडी बाजाराचा वार टाळावा. कापूस वेचणीच्या हंगामात मजूर स्त्रियांना सवड मिळणार नाही, हे गृहीत धरावे. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला निराळ्या व्यायामाची फारशी गरज नसते. ही धाव प्रामुख्याने कार्यालयात, दुकानात व वर्गात बसणाऱ्यांसाठी आहे.

आरोग्याची दक्षता

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम करावा. पाच किलोमीटर चालण्यास सुमारे एक तास लागतो. म्हणजे आठवड्यातून एकच दिवस मैदानावर येऊन ही गरज भागत नाही. परंतु शनिवारी लोकांसमवेत चालावयाचे आहे या जाणिवेने माणूस मधल्या दोन-तीन दिवशीही पाय मोकळे करू लागतो आणि साप्ताहिक मेळाव्याचा मुख्य लाभ तोच आहे.

नवशिक्याने पहिले काही आठवडे चालावे, नंतर दोन मिनिटे धाव आणि तीन मिनिटे चाल असा क्रम ठेवावा. सोबत्याशी बोलता येईल एवढीच गती असावी. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखरेचा खडा जवळ ठेवावा. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा श्वास अवाजवी लागणे यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबावे व स्वयंसेवकास सांगावे. पाण्याचा माठ आणि प्रथमोपचाराची पेटी अंतिम रेषेजवळ असावी. जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि रुग्णवाहिकेसाठीचा १०८ हा क्रमांक फलकावर लिहिलेला असावा.

सातत्य हेच भांडवल

मोठ्या शर्यतीला मंडप, पाहुणे, पारितोषिके आणि ध्वनिक्षेपक लागतात, व दुसऱ्या दिवशी मैदान पुन्हा ओस पडते. साप्ताहिक धावेला यांपैकी काही लागत नाही. मात्र पाऊस असो, परीक्षा असोत वा अवघे पाच जण आलेले असोत, ठरलेल्या वारी मैदानावर घड्याळ घेऊन कोणीतरी उभे असावेच लागते. बुशी पार्कमध्ये दुसऱ्या आठवड्यातही धाव झाली म्हणून तो उपक्रम उभा राहिला.

सोळा तालुक्यांपैकी एका तालुक्याच्या मैदानावर असा प्रारंभ झाला आणि तो वर्षभर टिकला, तर शेजारच्या तालुक्यात तो आपोआप पोचेल. पुसदचा माणूस एखाद्या शनिवारी उमरखेडला आणि वणीचा मारेगावला जाऊन धावेल. आर्णीच्या मैदानावर नेरचा पाहुणा आला, तर त्याने ओळखपत्र न दाखविता रांगेत उभे राहावे आणि अंतर पूर्ण झाल्यावर माठातील पाणी पिऊन यजमानांशी चार शब्द बोलून परत जावे. बाजाराला जाणाऱ्याप्रमाणे त्याला कोणी ‘कशाला आलात’ असे विचारणार नाही. पुढच्या आठवड्यात येणार का, एवढेच विचारले जाईल.